बडबडीचा नवरा

नकार आल्याचं कळलं तेव्हा बडबडी एका अडेल वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवत होती. दोन बोटं वासराच्या तोंडात, दुसऱ्या हाताने त्याची मान खाली दाबलेली आणि गुडघ्यांच्या मध्ये बादली. वासरू बोटं चोखत होतं, पण नाक दुधात बुडालं की फुरफुरून सगळं तिच्या तोंडावर उडवत होतं. खिशातला फोन थरथरला. हात पुसायला अंगावर कोरडी जागा नव्हती, म्हणून तिने तो तसाच थरथरू दिला. वासरू एकदाचं प्यायला लागलं तेव्हा तिने मनगटाने नाक पुसलं, फोन काढला आणि उभ्याउभ्याच वाचलं.

नवऱ्याला या देशात बोलावून घेण्याचा तिचा अर्ज नामंजूर झाला होता. लग्न खरं आहे, नुसतं इकडे येण्यापुरतं केलेलं नाही, याची खात्री पटत नाही असं म्हटलं होतं. नवरा ऐकू शकत नाही, बोलू शकत नाही, शाळेत गेलेला नाही. दोघांनी एकमेकांना लिहिलेलं एक अक्षर नाही. मग हा संसार कोणत्या भाषेत चालतो ते समजत नाही.

तिने फोन खिशात टाकला आणि पुढच्या वासराच्या तोंडात बोटं घातली. रांगेतली सगळी वासरं पिऊन झाली, बादल्या धुऊन पालथ्या घातल्या, मग ती शेडच्या मागे गेली आणि तिथे रडली.

बडबडी हे तिचं माहेरचं नाव, आणि ते उगाच पडलेलं नव्हतं. ती म्हशीशी बोलायची, तुंबलेल्या नळाशी बोलायची, कोणीच नसेल तर स्वतःशी बोलायची. अशा मुलीने शेजारच्या गावातल्या वेल्डरशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा दोन्ही गावांची वर्षभर हसायची सोय झाली. वेल्डर जन्मापासून बहिरा. गाव त्याला मुका म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं, कारण त्याला कुठे ऐकू येतंय. ओठांवरून त्याला फार काही कळत नव्हतं. पण तो एक शब्द त्याला बरोबर ओळखू यायचा.

तिच्या वडिलांच्या पाण्याच्या गाड्याचा आस तुटला होता, तो जोडायला ती वडिलांबरोबर त्याच्या दुकानात गेली होती. त्याने तोंडावर काळ्या काचेची झापड ओढण्याआधी तिला हाताने खूण केली की इकडे बघू नकोस. बघू नको म्हटल्यावर बडबडी बघणारच. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून, लाल होऊन, पाणी गळत ती भांडायला पुन्हा दुकानात आली. तो आधी हसला, मग त्याने तिला बाकावर बसवलं आणि गार पाण्याची पट्टी डोळ्यांवर ठेवली. डोळे झाकलेल्या अवस्थेत ती सारखी बोलत राहिली. त्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही आणि तिला त्याचं काही दिसलं नाही. तरी दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली.

दोघांना मिळून एक भाषा नव्हती, ती त्यांनी केली. गुडघा चोळला की सासू, कारण सासूचे गुडघे कायम धरलेले. डोळ्यांवर पंजा आडवा धरला की दुकान. हनुवटीखाली बोट घासलं की तू खोटं बोलतोयस. काही खुणा तर कुठून आल्या ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. बडबडीला रोज इतकं सांगायचं असायचं की खुणा पुरायच्या नाहीत, मग नव्या पाडाव्या लागायच्या. लग्नाला वर्ष होईतो वेल्डरला गावातल्या सगळ्या भानगडी तपशीलवार माहीत झाल्या होत्या. त्याआधी त्याला कोणी काही सांगतच नव्हतं.

मग बाजारात कारखान्यातून तयार होऊन आलेली फाटकं आणि खिडक्यांचे गज मिळायला लागले आणि दुकानाचं काम आटलं. वेल्डर दिवसदिवस बाकावर बसून राहायला लागला. बडबडीला गुरांचं सगळं येत होतं. परदेशातल्या एका मोठ्या गोठ्याला माणसं हवी होती, ती गेली. तिकडची भाषा ती गाईंशी बोलूनच शिकली. काही वर्षं गेली, नोकरी पक्की झाली, कायमचं राहायची परवानगी मिळाली आणि नवऱ्याला बोलावण्याचा हक्क आला. आणि आता हा नकार.

सकाळचं दूध काढून झालं की तिच्याकडे जेमतेम न्याहारीपुरता वेळ असायचा. तेव्हा घरी संध्याकाळ असायची. खोलीतल्या फळीवर डबा ठेवून त्याला फोन टेकवायचा आणि दोन्ही हात मोकळे करून बोलायचं, हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी तिने नकाराचं सांगितलं. वेल्डरने विचारलं, त्यांना नेमकं काय हवंय? तिने सांगितलं, आपण बोलतो कसे असं ते विचारतायत. तो आधी हसला. खांदे हलेपर्यंत हसला. मग त्याचा चेहरा उतरला आणि त्याने हात मांडीवर ठेवून दिले. वेल्डरने हात मांडीवर ठेवले म्हणजे दुसऱ्या कोणी दार लावून घेतल्यासारखं.

सासूने फोन आपल्याकडे वळवला. ती पहिल्यापासून या बेताच्या विरोधात होती. सून परदेशी गेली तेव्हाच ती आपल्या हातून गेली असं तिने धरलं होतं, आणि आता मुलगाही निघाला होता. ती म्हणाली, झालं ते बरंच झालं. इथे त्याला निदान चार माणसं ओळखतात, तिथे त्याला कोण विचारणार आहे. तूच परत ये. बडबडी म्हणाली, आई, इथलं काम सोडून आले तर दोघंही बाकावर बसू. सासू म्हणाली, बसा की, बाक मोठा आहे.

गोठ्याची मालकीण उंच, कमी बोलणारी बाई होती. दूध कमी का झालं असं विचारायलाच ती बहुतेक वेळा यायची. पण बडबडी गप्प आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्वतःहून थांबली. बडबडीने सांगितलं. मालकिणीने घरात जाऊन कुठे कुठे फोन केले आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की फेरसुनावणी मागता येते. दोघांना आपापल्या देशातल्या कचेरीत पडद्यासमोर बसवतील, खुणांची भाषा जाणणारा दुभाष्या देतील आणि विचारतील. त्या दिवशी बडबडीची नोकरी चालू असली पाहिजे. आणि तेव्हाही नकार आला तर पुढची कित्येक वर्षं पुन्हा मागता येणार नाही.

सुनावणीची तारीख पडली ती नेमकी गाई विण्याच्या हंगामात. त्या गोठ्यात सगळ्या गाई एकाच सुमाराला व्यायच्या. त्यात पाऊस सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना. कुरणाचा नुसता राडा झाला. गाई पोटापर्यंत चिखलाने माखून यायच्या. प्रत्येकीची कास धुवायची, सड पुसायचे, मग यंत्राचे कप लावायचे. गमबुटात पाणी शिरायचं ते दिवसभर तिथेच राहायचं. नुकत्याच व्यालेल्या गाईंचा चीक वेगळा काढून वासरांना पाजायचा, अडलेल्या गाईच्या वासराला दोर बांधून ओढायचं, पावसात उघड्यावर जन्मलेलं वासरू खांद्यावर टाकून शेडमध्ये आणायचं. बडबडीचे हात तडतडून फुटले होते. तरी ती गाईंना मायेने शिव्या देत काम ओढत होती.

एक पहिलटकरीण कालवड होती. कास टम्म सुजलेली, कोणी हात लावलेला खपायचा नाही. बडबडी तिला समजावत, अंगावर हात फिरवत कप लावत होती. दोन लागले. तिसऱ्याला कालवडीने लाथ झाडली आणि बडबडीचा उजवा हात लाथ आणि लोखंडी नळी यांच्या मध्ये सापडला. तिने ओरडायच्या आधी यंत्र बंद केलं. ओरडली नंतर.

दोन बोटं आणि तळव्याचं हाड मोडलं होतं. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत प्लास्टर चढलं.

गोठ्याचा मालक वाईट माणूस नव्हता, पण हंगामात त्याला हात हवे होते. तो म्हणाला, घरी राहा, बरी झालीस की बघू. बडबडीला त्या ‘बघू’चा अर्थ कळत होता. ती जागा भरली की सुनावणीत सांगायला नोकरी उरणार नव्हती. तिने सांगितलं की ती वासरं सांभाळेल. मालकाने विचारलं, एका हाताने? ती सरळ शेडमध्ये गेली. दोन बादल्या एकदम उचलणारी ती, आता एक बादली डाव्या हाताने उचलून, मांडीला टेकवत, चिखलातून शेडच्या टोकापर्यंत घेऊन गेली आणि परत येऊन दुसरी नेली. मालक दारात उभा राहून बघत होता. तिच्या पाठीवरून घाम आणि पाऊस एकदम वाहत होता. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, वासरं आणि आवार. आवार म्हणजे सगळ्या गोठ्याचं शेण पाण्याच्या फवाऱ्याने लोटायचं. नव्याने आलेल्या माणसाला द्यायचं काम ते. बरोबरच्या बायका दूध काढून कोरड्या निघायच्या आणि ती त्यांच्या मागचं शेण लोटत असायची. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

फोनवर वेल्डरने प्लास्टर बघितलं आणि तो उठून उभाच राहिला. कुठल्या गाईने, कसं, कोणी बघत होतं का, डॉक्टर बरा आहे का, सगळं एकदम विचारलं. ती एका हाताने उत्तर देऊ लागली. तिच्या बऱ्याचशा खुणा दोन हातांच्या होत्या. एका हाताने तिचं बोलणं तोतरं झालं. तो चुकीचं समजायचा, ती चिडायची, पुन्हा सांगायची. त्याने सरळ सांगितलं, परत ये. तिने नाही म्हटलं. त्याने विचारलं, या प्लास्टरच्या हाताने त्या दिवशी बोलणार कशी? तिने रागाने फोन पालथा घातला आणि मग लगेच पुन्हा उभा केला. तो तिथेच होता, हात मांडीवर.

पण रोज बोलायचंच होतं. हळूहळू गेलेल्या हाताचं काम तिची हनुवटी करू लागली, खांदा करू लागला, कधी कोपर. वेल्डरला ते कळू लागलं. सासूसाठी गुडघ्यापर्यंत हात न्यायची गरज उरली नाही, नुसता गुडघा हलवला तरी पुरायचं. पावसाने कंटाळा आणलाय, हे सांगायला ती नुसता डावा खांदा पाडायची. सुनावणीचा दिवस आला तोवर ती पुन्हा पहिल्यासारखी बडबडत होती.

त्या दिवशीही पाऊस होता. मालकीण स्वतः सकाळीच गाडी काढून तिला कचेरीत घेऊन गेली. बडबडीने स्वच्छ कपडे घातले होते, केस धुतले होते, पण प्लास्टरला शेणाचे डाग होते ते जाण्यातले नव्हते. मालकिणीने घरातून आणलेला पांढरा मोजा काढला आणि गाडीतच तिच्या प्लास्टरवर चढवला. बाहेरच्या बाकावर एक बाई तिच्या शेजारी बसली, नाक आक्रसलं आणि उठून पलीकडे जाऊन बसली. गोठ्याचा वास साबणाने जात नाही. बडबडी ताठ बसून राहिली.

आत एक अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या, बोलायला सभ्य. समोरच्या पडद्यावर घरच्या देशातली कचेरी दिसत होती, तिथे संध्याकाळचे दिवे लागले होते. वेल्डर गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याच्या मागे भिंतीशी सासू. एका बाजूला तिथला कारकून, दुसऱ्या बाजूला दुभाष्या. बडबडीने हात उचलला तर अधिकारी बाईंनी तिला थांबवलं. आधी नवऱ्याला दुभाष्यामार्फत विचारायचं होतं.

दुभाष्याने हातवारे सुरू केले. भराभर, नीटनेटके, शाळेत शिकवतात तसे. वेल्डर लक्ष देऊन बघत होता. त्याला एकही खूण कळली नाही. दुभाष्याने पुन्हा केलं, सावकाश केलं. वेल्डरने आपल्या पद्धतीने काही विचारलं, ते दुभाष्याला कळलं नाही. असं बराच वेळ चाललं. वेल्डरच्या कपाळावर घाम आला. शेवटी दुभाष्याने पडद्याकडे तोंड करून सांगितलं की या माणसाला खुणांची भाषा येत नाही. आणि कारकून शेजारच्याला म्हणावं तसं काहीतरी पुटपुटला. वेल्डरने त्याच्या ओठांवर तो गावातला शब्द ओळखला. मग त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

अधिकारी बाईंनी समोरचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. बडबडीला समजलं की आता ते पेन चालणार. ती म्हणाली की मला विचारू द्या. बाई म्हणाल्या, ते चालत नाही, तुम्हीच अर्जदार, तुम्ही दुभाष्याचं काम करू शकत नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते आम्हाला कसं कळणार?

बडबडी जन्मभर इतकं बोलली होती, पण त्या घडीला तिला नेमके शब्द सापडायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “तुम्ही मला सांगा. मला आधी माहीत नसलेलं, तुमच्या मनातलं काहीही. मी त्याला सांगते. ते तिकडे पोचतं की नाही, ते तुम्ही बघा.”

बाईंनी नाक पुसलं आणि तिच्याकडे बघितलं. नियमात असं काही नव्हतं, पण असं करू नये असंही नव्हतं. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी तिच्यासमोर सरकवली. तोंड बंद ठेवायचं, ओठ हलता कामा नयेत, असं बजावलं. बडबडीच्या आयुष्यातली ती पहिली बंदी, आणि तिने ओठ असे आवळले की गाल पांढरे पडले.

चिठ्ठीवर होतं, खिडकी उघडायची आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

तिने डावा हात, हनुवटी आणि कोपर चालवलं. वेल्डर चटकन उठला. खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग खिडकीशी गेला. खिडकी उघडेना. त्याने बिजागरी बघितली, खिशातून किल्ली काढली, बिजागरीच्या फटीतला गंज खरवडला, तिथे फुंकर मारली, आणि हा सगळा प्रकार सुनावणीचा आहे हे विसरून तो कामालाच लागला. मग वळून त्याने बडबडीला काहीतरी सांगितलं. बाईंनी विचारलं, काय म्हणतायत? बडबडी म्हणाली, तेल मागतोय. म्हणतोय, वरची बिजागरी धरलीय, जोर लावला तर काच जाईल. बाईंनी पडद्यावरून कारकुनाला विचारलं. कारकून कानकोंडा होऊन म्हणाला की ती खिडकी तो नोकरीला लागल्यापासून उघडलेली नाही.

बाईंनी दुसरी चिठ्ठी घेतली. पेन थोडा वेळ हवेत राहिलं, मग त्यांनी बरंच लिहिलं आणि लिहून झाल्यावर ती सरकवायला किंचित वेळ लावला. त्यांनी सांगितलं की ही गोष्ट नवऱ्याला कळली तर त्याने तिकडे कागदावर चित्र काढून दाखवायची. बडबडीने वाचलं. बाई लहान होत्या तेव्हा त्यांना लाल सायकल मिळाली होती. भावाशी भांडण झालं म्हणून त्याने ती कालव्यात ढकलली.

तिने सांगायला सुरुवात केली. लहान मुलगी, ही समोर बसलीय तीच, तेव्हाची. भाऊ. सायकल. लाल कसा सांगायचा, तर तापलेल्या लोखंडाची त्यांची खूण होती. भांडण सांगायला तिला एरवी दोन हात लागायचे. आता तिने मोजा घातलेलं प्लास्टरच पुढे आणलं आणि डाव्या मुठीने त्याला टक्कर दिली. ढकललं, बुडबुडे, संपलं. वेल्डर पुढे झुकून, भुवया आकसून बघत होता. मग त्याने पेन मागितलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण फाटकांची नक्षी तो जन्मभर खडूने काढत आला होता. त्याने वाहतं पाणी काढलं, त्यात चाक वर करून बुडणारी सायकल काढली. काठावर हसणारा मुलगा. आणि मुलगी त्याने पाठमोरी काढली. दुभाष्याने कागद पडद्यासमोर धरला.

वेल्डरने दुभाष्याच्या खांद्यावरून मान काढून बडबडीला एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत राहिला. बाई म्हणाल्या, आता काय विचारतायत?

“विचारतोय, नंतर कोणी वर काढली का ती?”

बाईंनी चष्मा काढला. सर्दीचं निमित्त होतंच, त्यांनी नाक पुसलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “सांगा त्यांना, नाही काढली कोणी.”

बडबडीने सांगितलं. वेल्डरने जिभेने च्च केलं, ते त्याला ऐकू आलं नाही पण इकडे सगळ्यांना ऐकू आलं. मग त्याने आणखी काही सांगितलं. बडबडी म्हणाली, तो म्हणतोय की सांगाडा कुठे जात नाही. नुसता गंज चढला असेल, घासला असता तर चालली असती.

बाई हसल्या. मग त्यांनी भिंतीशी बसलेल्या सासूला विचारलं की तुम्हाला काही सांगायचं आहे का. सासूला हे सगळं मोडायला एक वाक्य पुरेसं होतं. सासू गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पडद्याच्या अगदी जवळ आली. तिकडच्या कारकुनाने तिचं बोलणं बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं.

“मी काय सांगू,” सासू म्हणाली. “हे दोघं हाताने भांडतात. अंधारात हात दिसत नाहीत ना, म्हणून भांडण संपेपर्यंत ही मला दिवा मालवू द्यायची नाही. मी म्हातारी डोळ्यांवर पदर घेऊन पडून राहायची. असं कोण खोटं करील?”

ती वळली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. वेल्डरने आईकडे बघितलं, मग बडबडीकडे, आणि विचारलं, ही काय म्हणाली? बडबडीने सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

निकाल त्या दिवशी सांगत नसत. कळवू, एवढंच बाई म्हणाल्या. पण बडबडी दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी तिला विचारलं की हात कसा मोडला. कालवडीने लाथ मारली, असं तिने सांगितलं. त्या म्हणाल्या, लवकर बरा होऊ दे, तुम्हाला तो लागतो.

कळायला दिवस गेले. पाऊस ओसरला, कुरणात गाई पुन्हा कोरड्या पायाने चालू लागल्या. प्लास्टर निघालं, आतला हात बारीक आणि पांढरा निघाला, एक बोट जरा वाकडं राहिलं. बडबडी आवारात फवारा धरून उभी होती तेव्हा मालकीण स्वयंपाकघरातून चपलांनिशी शेणातून चालत आली. तिला शेणातून चपलांनिशी येताना कोणी कधी बघितलं नव्हतं. तिने फोन पुढे केला. बडबडीने वाचलं, पुन्हा वाचलं. हातातून फवारा सुटला आणि सापासारखा वळवळत त्याने दोघींना आणि दारातल्या मालकाला भिजवलं. बडबडी असं ओरडली की वैरणीला लागलेल्या सगळ्या गाईंनी एकदम माना वर केल्या. ती ज्यांच्या मागचं शेण लोटत होती त्या बायका धावत आल्या आणि त्यांनी तिला उचललं.

तिने तिथूनच घरी फोन लावला. फोन सासूने घेतला, दुकानाच्या दारात उभं राहून. आत वेल्डर झापड ओढून काम करत होता, ठिणग्या उडत होत्या. बडबडी म्हणाली, आई, झालं. सासू म्हणाली, थांब. तिने फोन बाकावर टेकवून ठेवला, आत गेली आणि मेन स्विच खाली ओढला. बहिऱ्या वेल्डरला हाक मारायची ती एकच रीत होती. ठिणग्या विझल्या. त्याने झापड वर केली आणि रागाने वळला, तर समोर आई.

बडबडीला लांबून दिसत होतं. तिला वाटलं होतं की सासू त्याला फोनसमोर आणेल आणि तीच त्याला सांगेल. पण सासूने स्वतःच सांगितलं. इतक्या वर्षांत ती खुणा नीट शिकली नव्हती, तिच्या हाताला ते जमायचं नाही. तिने मुलाच्या छातीवर बोट ठेवलं, मग तो हात वर नेला, डोक्यावरून लांब, खूप लांब ढकलला, आणि मग बोट डोळ्याखाली टेकवलं. डोळे सुजवून दुकानात आलेल्या मुलीची, बडबडीची, घरात तीच खूण होती. वेल्डरने हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. त्याने आईला उचललं. ती म्हणाली, सोड, गुडघे, अरे गुडघे. पण त्याला कुठे ऐकू येत होतं.

तो आला त्या दिवशी विमानतळावर लख्ख ऊन होतं. बडबडी मालकिणीबरोबर आली होती आणि गर्दीच्या पुढे काचेला चिकटून उभी होती. दालनभर मोठा गलका होता. काचेच्या अलीकडे आणि पलीकडे माणसं एकमेकांची नावं घेऊन ओरडत होती, कानामागे हात धरत होती, काही ऐकू येत नाही म्हणून माना हलवत होती. पलीकडे, सामानाच्या पट्ट्याच्याही मागे, पार टोकाला वेल्डर दिसला. गळ्यापर्यंत बटणं, हातात पिशवी. त्याने तिला बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

बाकीची माणसं ओरडत होती तेव्हा ती दोघं बोलत होती. तू वाळलास. तू जाड झालीस. हात दाखव. तिने दाखवला, वाकडं बोट हलवून दाखवलं. विमानात जेवलास का. जेवलो, काय होतं ते कळलं नाही. शेजारचा माणूस घोरत होता, मला काही त्रास झाला नाही. ती हसली. मालकिणीने विचारलं, एवढ्या लांबून काय बोलताय? बडबडी म्हणाली, सगळंच. दुकानाला कुलूप लावलं का. लावलं, यंत्र शेजारच्याला दिलं, तो बिघडवणार. आई तिच्या बहिणीकडे नीट पोचली का. पोचली, आणि तिथेही दिवा कधी मालवायचा त्यावरून भांडण काढलं. कामाचं काय? मालकाला सांगितलंय, फाटकं आणि नळ्या सगळं जोडायचं आहे, उद्यापासून ये म्हणतो. उद्यापासूनच? नाही, उद्या सुट्टी, मी त्याला सांगितलंय. शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबातली माणसं ओरडायचं थांबवून या दोघांकडे बघत होती.

वेल्डरने पिशवी उचलली, मग काहीतरी आठवून पुन्हा खाली ठेवली. त्याने गुडघा चोळला.

आईने विचारायला सांगितलंय, तो म्हणाला. तिला कधी बोलावणार?

बडबडीने दोन्ही हात वर केले. प्लास्टर निघालेला, बारीक झालेला उजवा आणि कामाने राबलेला डावा.

आधी तू बाहेर ये, तिने सांगितलं.